सरलाशेजारची जागा

लहानूच्या हातून फावडं गळून पडलं. रायपूरच्या कब्रस्तानाच्या फाटकातून आत येणाऱ्या पास्टर पांडुरंग अंभोऱ्याकडे तो असा बघत राहिला, की पांडुरंगनेच वळून पाहिलं, आपल्यामागून कोणी येतंय की काय. मागे कोणी नव्हतं. गुढियारीकडे निघालेला एक टेम्पो तेवढा फाटकासमोर गिअर बदलत होता. सकाळचे साडेसात, एप्रिलचं ऊन आत्तापासूनच मानेवर बसत होतं, आणि कबरी खोदण्यात अठरा वर्षं काढलेला, कधीकाळी काटोलहून इकडे आलेला हा लहानू, ज्याने आजवर कशाचं म्हणून भय धरलं नाही, तो हात जोडून उभा होता.

"पास्टरजी, तुमी जित्ते हाय?"

"काहून? शंका आहे का तुले?"

"नीलभैयाचा काल फोन आलता. म्हने, पास्टरजीच्या जागेवर खोदाचं हाय, दोन वाजता मिट्टी येऊन राहिली. मी समजलो तुमीच गेले. मी जेवलो बी नाही काल."

लहानूचं तरी काय चुकलं? इथला रिवाजच तसा. राखीव जागा मालकासाठीच उघडते, मालक गेल्यावर. जिवंत माणसाची जागा उघडायची वेळ लहानूवर कधी आलीच नव्हती, म्हणून त्याने सरळ हिशेब केला, मनातच पास्टरला मारलं, उपाशी झोपला, आणि सकाळी उठून चुन्याच्या रेघा मारल्या. पास्टरच्या बायकोच्या, सरलाच्या कबरीच्या उजव्या अंगाला त्या चार रेघा ताज्या दिसत होत्या. माप त्याने अंदाजानेच धरलं होतं, पास्टरजी उंचीला किती, खांद्याला किती. पांडुरंग त्या चौकटीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हे आखूड झालंय, पाय दुमडावे लागतील. मग स्वतःचीच लाज वाटली. दुसराच माणूस येतोय, त्याने लहानूला सांगितलं, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. मग खोदू की नको, लहानूने विचारलं. थांब, मी फोन करतो, पांडुरंग म्हणाला आणि दर गुरुवारी बसायचा तिथे, सरलाच्या पायथ्याशी, रुमाल पसरून बसला.

हो म्हटलं नव्हतं हे खरं. नाहीही म्हटलं नव्हतं. काल संध्याकाळी कब्रस्तान कमिटीचा सेक्रेटरी नील मसीह फोनवर चाचरत बोलला होता, "पास्टरजी, एक ही जगह बची है, और वो आपकी है। मैं किस मुँह से बोलूँ।" पांडुरंग गप्प बसला. नीलने त्या गप्प बसण्याला होकार समजून घेतलं, कारण या माणसाने कुणाला नाही म्हटल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. चांगुलपणाचं हे असंच असतं बघा. एकदा का नाव झालं, की लोक धड विचारायचंही सोडून देतात. आणि ही जागा काय सहज मिळाली होती? कब्रस्तान कधीचं भरलेलं. सरलाच्या बाजूला सहा फूट मोकळे होते ते पांडुरंगने नीलच्या अक्षरशः हातापाया पडून ठेवून घेतले होते. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून कुणापुढे हात पसरला तो तेवढा एकदाच.

मेलेला माणूस बुधराम. गुढियारीच्या गोदामांत पोती वाहणारा हमाल, चाळिशीच्या आतला. तीन वर्षांपूर्वी पांडुरंगनेच त्याला खारून नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं करून बाप्तिस्मा दिला होता. काविळीने गेला. बायको सुकवारो मिट्टी, म्हणजे त्याचा देह, घेऊन गावी गेली, दक्षिणेला दोनशे किलोमीटर, आणि गावाने वेशीवरच गाडी अडवली. ज्या देवाकडे गेला त्याच्याकडे जागा मागा, म्हणाले. गावाबाहेर स्वतःच्या शेतात पुरते, ती म्हणाली, तर तेही नाही. रस्त्यावर झाडं आडवी टाकली. गाडी आल्या वाटेने रायपूरला परतली, त्याला आज चार दिवस झाले, बुधराम सरकारी मर्च्युरीत पडून आहे. गावाने एक वाट मात्र उघडी ठेवली होती. एका कागदावर सुकवारोने अंगठा द्यायचा. पास्टर अंभोऱ्याने लालूच दाखवून आम्हाला फसवलं, आम्ही परत येतो, असा कागद. अंगठा लागला की बुधरामला त्याच्या बापाशेजारी जागा. काल दुपारी मर्च्युरीच्या पायरीवर बसून तिने विचारलं होतं, "अंगूठा लगा दंव का, पास्टरजी? तुमन जइसे कइहव।" तुम्ही म्हणाल तसं. पांडुरंग म्हणाला होता, उद्या सांगतो.

काय अवघड होतं त्यात? लाव अंगठा, एवढंच म्हणायचं. बुधराम बापाशेजारी निजेल, सुकवारोला तिचं घर, शेत, गाव परत मिळेल, आणि या चार रेघा लहानू पायाने पुसून टाकेल. अंगठ्याने का कुणाचा विश्वास जातो? देव काय कारकून आहे, कागद बघून माणसाला ओळखायला? हे सगळं त्याला काल रात्रीपासून तोंडपाठ झालं होतं, आणि इतकं सरळ, इतकं सगळ्यांच्या भल्याचं असूनही तो शब्द काल पायरीवर त्याच्या तोंडून निघाला नव्हता. का निघाला नव्हता ते त्याला कळत नव्हतं. किंवा चांगलं कळत होतं, कारण तो कागद त्याच्या ओळखीचा होता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, गुढियारीत एका गोदामावरच्या हॉलमध्ये, रविवारची प्रार्थना चालू होती. जिन्यावर पावलं वाजली, एकदम पुष्कळ, मग घोषणा, मग खुर्च्या. ढोलकीवर कुणीतरी पाय दिला त्याचा आवाज अजून कानात आहे, बाकीचे आवाज तो विसरला. त्याला नाव विचारलं. पांडुरंग, तो म्हणाला. "नाम पांडुरंग, और काम ये?" विचारणारा पोट्टा हसत नव्हता, खरोखरच दुखावला गेला होता, आणि पांडुरंगला त्याला सांगावंसं वाटलं की बाबा रे, माझा बाप या मार्गाला लागला पण आजीने ठेवलेली नावं त्याने बदलू दिली नाहीत, माणसाला आधी आजी असते. पण ते सांगायची वेळ नव्हती. ठाण्यात त्याला बाकावर बसवून तो कागद पुढे केला. मी पैसे वाटून लोक जमवले, असं वर, आणि खाली एक्केचाळीस जणांची नावं. अकरावं नाव बुधरामचं. इथे सही करा आणि घरी जा. पांडुरंगने केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तुरुंगात पाठवलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, वकील जाळीपलीकडे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, भाभीजी गेल्या. सकाळी, चहा ठेवताना. आणि त्याच दमात म्हणाला की कागद आणलाय, सही केलीत तर समोरचे लोक जामिनाला विरोध करणार नाहीत, संध्याकाळी घरी असाल, नाहीतर शनिवार-रविवार येतोय, मग माझ्या हातात काही नाही. कागद तोच होता. पांडुरंगने पेन हातात घेतलं, टोपण काढलं. हे कुणालाच माहीत नाही. मंडळीत आता सांगतात की पास्टरजींनी पेन फेकून दिलं. कसलं फेकून देतोय. कागदाला निब टेकलं होतं. अकराव्या ओळीपाशी नजर गेली आणि त्याला बुधरामचा उजवा खांदा दिसला, पोत्यांनी कातडं जाड झालेला, तो खांदा मोकळा करत हॉलच्या मागच्या रांगेत टेकायचा तो. या माणसाला कुणी विकत घेतलं होतं? कष्टाचं खाऊन, अंघोळ करून, आपल्या पायाने जिना चढून यायचा. सही केली तर सरकारदरबारी कायमचा लाचखाऊ ठरेल. पांडुरंगने टोपण परत लावलं. त्या घडीला देवाचा विचार मनात होता का? नव्हता. हीच तर ती गोष्ट जी त्याला झोपू देत नाही. देवासाठी केलं असतं तर सरलापुढे उभं राहता आलं असतं, म्हणता आलं असतं, तुझ्यापेक्षा मोठा होता तो. पण एका हमालाच्या खांद्यासाठी? बायकोचं तोंड शेवटचं बघायचं सोडून? सरलाला शुक्रवारी पुरलं. तो अकराव्या दिवशी सुटला.

देवश्री पुण्याहून आली, आईला माती दिली आणि बाप सुटायच्या आत परत गेली. नंतर फोनवर एवढंच म्हणाली, "मम्मी का चेहरा मैंने ढका, पापा।" लेक मराठी समजते पण बोलते हिंदीत, आणि हिंदीत ते वाक्य त्याला जास्तच लागलं, परक्याने सांगितल्यासारखं. तेव्हापासून बूढापाऱ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत सकाळी चहा उतू गेल्याचा वास येतो. शेगडी बंद असते. तो उठून बघतो, हात लावून बघतो, गार असते. पुष्कळदा सरला विचारतेही. रागाने नाही हो, रागावली असती तर बरं होतं. बाहेर जायला तयार होऊन दारात उभी राहिलेली बाई विचारते तसं, "अहो, किती वेळ आहे अजून?" आणि हा म्हणतो, येतो. वर्षभर हा माणूस रोज सकाळी रिकाम्या स्वयंपाकघराला सांगतो आहे की येतो, येतोच. खालच्या मजल्यावरचे घरमालक दत्तोपंत एकदा जिन्यात भेटले, इकडेतिकडे बघून म्हणाले, "पांडुरंगराव, तुमी एकटेच बोलत असता म्हणे. बोला, बोला, मन मोकळं होते. फक्त गाणं नोका म्हणू बरं का. आजूबाजूचे ऐकून राहिले." चांगला माणूस. बाकीच्यांनी घर खाली करा म्हटलं असतं. पांडुरंगने वर्षभरात गाण्याची एक ओळ म्हटली नव्हती, उपासना घेतली नव्हती, आणि तुरुंगातून सुटल्यावर त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती. त्या वेळी आलो नाही, पण शेवटी येईन आणि मग उठणार नाही. देवाने दिलेल्या मोठमोठ्या आश्वासनांवर तो तीस वर्षं बोलला, आणि स्वतः जगत होता तो या सहा फुटांच्या भरवशावर.

आणि मागायला कोण यावं? बुधराम. तिचा शेवटचा दिवस त्याने नेला, आता तिची कूसही त्यालाच हवी. पांडुरंगला एकाएकी त्या मेलेल्या माणसाचा इतका राग आला की त्याने बसल्या जागी मूठ जमिनीवर आपटली. लांब लिंबाखाली विडी ओढत बसलेला लहानू उठून उभा राहिला. काही नाही, पांडुरंगने हाताने खुणावलं, आणि फोन काढून देवश्रीला लावला. सगळं सांगितलं. ती ऑफिसला निघाली होती, लिफ्टचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मत दो, पापा। एक बार तो मम्मी को पहले रखो।" तो म्हणाला, हो. तेवढ्यानेच त्याला हलकं वाटलं. उठला, रुमाल झटकला, लहानूला म्हणाला की मर्च्युरीत जाऊन येतो, आणि स्कूटर काढली. त्याचं ठरलं होतं. लाव अंगठा, म्हणणार होता.

सिग्नल लागला तेव्हा तो बूढा तालाबच्या कोपऱ्यावर होता. सुकवारोला कसं सांगायचं ते मनात नीट लावत होता, जसं रविवारच्या प्रवचनाचे मुद्दे लावावेत. पहिलं, मेलेल्याची हेळसांड थांबेल. दुसरं, तुला जगायचंय, गावाशिवाय कशी जगशील. तिसरं, माझी काळजी करू नको, कागदात माझं नाव आहे, असू दे. होईल ती केस होईल, मी पुन्हा जाईन तुरुंगात. आणि तुरुंग हा शब्द मनात आला तसा त्याच्या छातीतून सुटकेचा एक श्वास निघाला, केवढातरी लांब. तुरुंग चालेल. तुरुंग त्याला जमतो. अकरा दिवस काय, अकरा महिने काढील, बाहेर पडल्यावर लोक हार घेऊन येतील, नील मसीह डोळे पुसेल, मंडळीत पेनाच्या गोष्टीला दुसरी गोष्ट जोडली जाईल की त्या विधवेसाठी पास्टरजी आपणहून आत गेले. आणि तेवढ्या सगळ्या काळात सरलाशेजारची जागा त्याची वाट बघत जशीच्या तशी राहील. वा रे पास्टर. त्यागही पदरात आणि जागाही पदरात. तिथेच, भर चौकात, त्याचं बिंग त्याच्यापुढे फुटलं. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, "ओ अंकल, सो गए क्या," कुणीतरी बाजूने जाताना ओरडलं, आणि हा हँडल धरून बसून राहिला. तुरुंगाने याचं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते दुसऱ्याच कशाने, आणि ते गेलं तर कुणी हार आणणार नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं, फक्त सरलाला. देवा, तू असा कसा रे वाईट आहेस, तो मोठ्याने म्हणाला. तीस वर्षांत देवाशी तो इतकं खरं कधी बोलला नव्हता.

सुकवारो कालच्याच पायरीवर होती. गावाकडून आलेले दोघे कागद आणि शाईची डबी घेऊन बाजूच्या चहाच्या टपरीवर थांबले होते, घाई करत नव्हते, त्यांची खात्रीच होती. पांडुरंग तिच्याजवळ बसला. ती समोर बघत म्हणाली, "ओहर कहत रिहिस, पास्टरजी ह जेल चल दिस, फेर हमर नांव नइ लिखिस।" म्हणायचा तो, पास्टर तुरुंगात गेला पण आमचं नाव नाही लिहिलं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. चार दिवस न धुतलेलं तोंड, डोळ्यांत पाणी नाही. म्हणाली की आता मी तुमचं नाव लिहून कशी देऊ, पण तुम्ही सांगाल तर देईन, कारण तो आत वास मारायला लागलाय. हे शेवटचं ती हळू बोलली, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मत लगा," पांडुरंग म्हणाला. "जगा हे." जागा आहे.

"काखर?" तिने विचारलं. कुणाची?

त्याला खोटं बोलावं लागलं नाही. "हे एक झन के," आहे एकाची, तो आपल्या मोडक्या छत्तीसगढीत म्हणाला. "बने जगा हे. परोस घलो बने हे." चांगली जागा आहे. शेजारही चांगला आहे. आणि उठून भिंतीआड जाऊन त्याने लहानूला फोन केला.

"खोद."

"आन मंग तुमी, पास्टरजी?"

"माझं पाहू," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला आणि भिंतीला कपाळ टेकून रडला, भरपूर, नाक पुसायचंही भान राहिलं नाही. सरला गेल्याचं ऐकलं तेव्हाही तो असा रडला नव्हता. तिथे समोर वकील होता.

दोन वाजता पंधराएक माणसं जमली. गोदामातले हमाल, मंडळीतली काही, नील मसीह छत्री धरून. नील पांडुरंगच्या नजरेला नजर देत नव्हता. पेटी खाली गेली, लहानूने दोर ओढून घेतले. सुकवारोने वाकून मूठभर माती उचलली आणि प्रार्थना संपायची वाट बघत खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. पांडुरंगने डोळे मिटले. ही प्रार्थना त्याच्या जिभेवर बसलेली होती, म्हणताना विचार करावा लागत नसे, आणि विचार न करता तो नावापर्यंत आला आणि त्याच्या तोंडून निघालं, "आमची बहीण सरला."

नील खाकरला. हमाल एकमेकांकडे बघू लागले. चूक पांडुरंगच्या ध्यानात आली होती, थांबायला हवं हेही कळत होतं. तो थांबला नाही. सबंध प्रार्थना तो तिच्याच नावाने म्हणत गेला, मराठीत, जी त्या उन्हात उभ्या असलेल्यांपैकी लहानूखेरीज कुणाला धड कळत नव्हती. प्रार्थनेत नसलेलंही म्हणाला. तिचं माहेरचं नाव घेतलं. तिला माती दिली त्या दिवशी मी इथे नव्हतो, असं त्याने देवाला सांगितलं, जसं काही देवाला ते माहीत नव्हतं. तिच्या शेजारी आज दुसऱ्याला निजवतोय, तिला तू समजावून सांग, माझ्याने होणार नाही, असंही सांगितलं. शेवटी आमेन म्हटलं, तेव्हा लहानूचं एकट्याचं आमेन आलं.

त्याने डोळे उघडले. सुकवारोने मूठ उघडली होती. त्यातली अर्धी माती तिने दुसऱ्या तळहातावर घेतली, दोन पावलं बाजूला सरकली, आणि ती सरलाच्या कबरीवर हलकेच टाकली. मग उरलेल्या मातीची मूठ पुन्हा मिटून ती आपल्या नवऱ्याच्या खड्ड्यापाशी येऊन उभी राहिली.

"अब एकर बर," ती म्हणाली. आता याच्यासाठी.

पांडुरंगने पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.